गुलाबाचा हिवाळा



ऑक्टोबर हा पवित्र जपमाळेचा महिना. 'रोझरी' हे नाव ज्या लॅटिन शब्दापासून आले, त्याचा मूळ अर्थ गुलाबांचा ताटवा असा आहे. आणि आपल्या दख्खनच्या पठारावर गुलाबाची वर्षातली मुख्य छाटणीही याच महिन्यात करावयाची असते. तेव्हा एका भगिनीने पत्राने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यास हाच समय योग्य होय. त्या लिहितात : "फादर, माझी धाकटी बहीण कॅनडात असते. तिकडे चार-चार महिने बर्फ असते, तरी तिचे गुलाब दर उन्हाळ्यात फुलतात. आमच्याकडे बर्फ नाही, गारठाही बेताचाच. तरी आमचे गुलाब तीन-चार वर्षांत खंगून जातात. असे का व्हावे?"

प्रश्न साधा आहे; पण त्याचे उत्तर मला स्वस्तात मिळालेले नाही. ते मिळाले हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर, एका वृद्ध गृहस्थाच्या अंगणात, आणि तेही माझ्या हातून एक चूक घडून गेल्यानंतर. ती हकीकत आज सांगणार आहे. तिच्यात एका कुटुंबाचा उल्लेख येतो. ही गोष्ट पापनिवेदनातली नव्हे. शिवाय त्या कुटुंबाने हा मजकूर स्वतः वाचून संमती दिली आहे. नावे आणि गाव मी गाळली आहेत.

प्रथम थंडीचा विचार करू. शीत देशांतील गुलाब बर्फाने मरतो, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. दिवस लहान होऊ लागले, रात्री गार पडू लागल्या, की गुलाबाचे झुडूप आपली वाढ थांबवते. कोवळ्या फांद्या जून होतात. पेशींतील पाण्याचा काही अंश बाहेर सरकतो, आत साखरेचे प्रमाण वाढते. मग बर्फ झालेच तर ते पेशीच्या आत न होता बाहेरच्या पोकळीत होते. अशी तयारी झालेले झुडूप कडाक्याची थंडी सोसू शकते. परंतु उशिरा खत घातल्यामुळे किंवा उशिरा छाटल्यामुळे ज्याला ऐन थंडीच्या तोंडावर कोवळी पालवी फुटली, त्याची ती पालवी पहिल्याच हिमाने काळी पडते. म्हणून तिकडचे जाणते लोक हिम पडू लागण्यापूर्वी दीड महिना तरी नत्राचे खत बंद करतात आणि मोठी छाटणी वसंत ऋतूपर्यंत लांबणीवर टाकतात.

थंडीहूनही कपटी असा दुसरा शत्रू आहे, तो म्हणजे तहान. जमीन गोठली की तिच्यात पाणी असूनही मुळांना ते घेता येत नाही. वर मात्र वारा आणि ऊन फांद्यांतील ओल ओढून नेत असतात. पायाखाली पाणी असून झुडूप तहानेने वाळते! तिसरा शत्रू ऊब आणि थंडी यांची ये-जा. चार दिवस ऊन पडावे, झुडपाने फसून जागे व्हावे, आणि पाचव्या रात्री पुन्हा हिम पडावे, यात मोठी हानी होते. यावर तिकडचा उपाय असा : हिवाळ्यापूर्वी झाडाला पोटभर पाणी देतात, आणि जमीन गोठू लागली की बुंध्याभोवती २० ते ३० सेंटिमीटर उंचीची मातीची भर घालतात. आपले बहुतेक गुलाब डोळा भरून केलेले असतात. खाली रानटी जातीचा खुंट, वर चांगल्या जातीचा डोळा. तो सांधा भरीखाली झाकला जातो. त्या भरीने ऊब येते असे नव्हे, तर थंडी एकसारखी राहते. वरच्या फांद्या वाळल्या तरी चालतील, पण सांधा आणि मूळ जगले पाहिजे, हे त्यांचे सूत्र. आणि एक बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी : भरीसाठी माती दुसरीकडून आणावी लागते. झुडपाच्या भोवतालचीच माती ओढून घेतली, तर झाकायला जाऊन मुळे उघडी पडतात.

आता आपल्याकडे पाहा. आपल्या पठारावर असा हिवाळा नाही. नाशिक, निफाडच्या बाजूला एखाद्या वर्षी कडाका पडतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडला पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता, आणि द्राक्षबागायतदारांना रात्री शेकोट्या पेटवून वेली राखाव्या लागल्या. पण ते अपवाद. हुबळी-धारवाडकडे तर थंडी म्हणजे पहाटेचे धुके आणि अंगावर एक शाल. त्यामुळे आपला गुलाब बारा महिने जागाच राहतो. वाढतो, फुलतो, पुन्हा वाढतो, आणि विश्रांतीवाचून थकतो. पत्रलेखिका भगिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे.

म्हणून आपल्याकडील जुन्या माळ्यांनी एक युक्ती काढली. ती शेतकरी वाचकांस नवी नाही. डाळिंबाचा किंवा मोसंबीचा बहार धरताना आपण पाणी तोडतो, मुळ्या थोड्या उघड्या करतो, पाने गळू देतो आणि मग खतपाणी देऊन झाड जागे करतो. यालाच आपण ताण देणे म्हणतो. गुलाबालाही असाच ताण देण्याची चाल आहे. पावसाळा सरल्यावर पाणी बंद करावयाचे, बुंध्याभोवतालची वीतभर माती हलकेच बाजूला करावयाची, आठ-दहा दिवस मुळांना हवा लागू द्यावयाची, मग छाटणी करून शेणखत घालून माती पुन्हा लोटावयाची. बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत या कृतीला 'विंटरिंग', म्हणजे हिवाळा देणे, असेच नाव आहे. जेथे परमेश्वराने हिवाळा दिला नाही, तेथे माळी तो आपल्या हाताने घडवतो! हल्लीचे अनेक जाणकार मात्र मुळे उघडी करू नका, नुसते पाणी कमी केले तरी पुरे, असे सांगतात. त्यांचे म्हणणे मला का पटले, ते आता ऐका.

दोन वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या आवारात, पवित्र मरियेच्या गुहेपुढे, गावातील मायबहिणींनी वर्गणी काढून लावलेले सहा गुलाब होते. ऑक्टोबर लागताच मी स्वतः खुरपे हाती घेऊन सहाही झाडांच्या मुळ्या उघड्या केल्या. मनात हिशेब असा, की आठ दिवसांची माझी वार्षिक एकांतसाधना आटोपून येईन आणि छाटणी करीन.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गावातील एक शेतकरी माझ्याकडे आले. धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा. त्याच्या शिक्षणाच्या फीसाठी आईने आपल्या बांगड्या गहाण ठेवल्या होत्या, आणि ते पैसे मुलाने मोबाइलवरील जुगारात घालवले होते. वर तीन महिने खोटे बोलून तो घरातून रोज कॉलेजात म्हणून निघत होता. बाप संतापाने थरथरत होता. "फादर, काय करू? घरात घेऊ की नको?" असे त्याने विचारले.

मातीने भरलेले हात धूत मी म्हणालो, "काही दिवस त्याला ताण बसू द्या. दार बंद ठेवा. भूक लागली की शरण येईल." आपल्या उपमेवर मी मनातून थोडा खूषही झालो होतो, हे कबूल करतो.

मी गेलो. साधना आटोपल्यावर दुसरे एक काम निघाले, आणि आठाचे बारा दिवस झाले. त्या वर्षी ऑक्टोबरचे ऊन कडक होते. परतलो तेव्हा सहाही झुडपांची पाने करपली होती, उघड्या मुळ्या सुतळीसारख्या वाळल्या होत्या. मी तेथे उभा असताना त्या मुलाची आई आली. मुलगा त्याच रात्री घर सोडून गेला होता. खर्चासाठी त्याने मोबाइलही विकला होता. त्यामुळे त्याचा ठावठिकाणा कोणालाच नव्हता. ती मला एका शब्दानेही टोचून बोलली नाही. झुडपांकडे पाहून एवढेच म्हणाली, "रोज येता-जाता बघत होते, फादर. तांब्याभर पाणी घालावंसं वाटे. पण तुम्ही ताण दिला आहे म्हणालात, म्हणून हात लावला नाही."

ती झाडांविषयी बोलत होती. परंतु तिने दाराची कडीही माझ्याच शब्दाखातर काढली नव्हती, हे मला ठाऊक होते. वीस वर्षांच्या माझ्या धर्मसेवेत इतके जड वाक्य मी फार थोडे वेळा ऐकले आहे.

मुलगा गेल्यास एकवीस दिवस झाले, तेव्हा हुबळीहून फोन आला. बोलणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले, आपल्याच धर्माचे आणि घरी मराठी बोलणारे. त्यांचे म्हणणे असे : चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला मागच्या बाकावर एक पोरगा चार दिवस दिसला. एका खानावळीत भांडी घासतो, रात्री स्टेशनवर झोपतो, अंगात ताप. त्याला घरी आणले आहे. गाव सांगत नव्हता, आज सांगितले. "त्याच्या आईला कळवा. बोलावून नेण्याची घाई नाही, पण पोरगा जिवंत आहे एवढं तिला आज रात्री कळू द्या."

दुसऱ्या दिवशी मी त्या माउलीला घेऊन हुबळीस गेलो. वडील आले नाहीत.

लॅमिंग्टन रोड हे नाव १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे. हुबळी १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पुढे डॉक्टर भडकमकरांचे नाव दिले गेले. हुबळीकर मात्र आजही जुन्याच नावाने पत्ता सांगतात. रस्त्यावर वाहनांची दाटी, कानठळ्या बसवणारे भोंगे. आणि त्याला लागूनच एका लहानशा आवारात, कौलारू ओसरीपुढे, सोळा गुलाब एका ओळीत उभे. नोव्हेंबर नुकताच लागला होता. छाटणी होऊन तीन आठवडे झालेल्या त्या काड्यांवर तांबूस पालवी तरारली होती. ताट्यांच्या पलीकडे तो मुलगा बादली घेऊन पाणी घालत होता.

आईने त्याच्याकडे पाहिले. तो खाली पाहू लागला. ती म्हणाली, "जेवलास का?" तो म्हणाला, "हो." इतकेच. मग ती त्याच्या हातची बादली घेऊन उरलेल्या झाडांना पाणी घालू लागली, आणि तो तिच्या मागे मागे चालू लागला. आम्ही दोघे ओसरीवर बसून राहिलो.

थोड्या वेळाने मी त्या वृद्धांस माझ्या सहा झाडांची गत सांगितली. मुलाला दिलेला सल्लाही सांगितला. त्यांनी मला दोष दिला नाही. ते म्हणाले, "फादर, ताण मीही देतो. आमची ही काळी जमीन पाणी धरून ठेवते, ताण दिल्यावाचून झाड आळशी होतं. पण ताण देणाऱ्यानं गावाला जाऊ नये."

मी गप्प राहिलो. ते पुढे म्हणाले, "सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा येऊन बघावं लागतं. पान नुसतं मलूल झालं तर ठीक. काडीची साल सुरकुतली की त्याच घटकेला पाणी. हे दिवस मोजून होत नाही, झाडाकडे बघून होतं. आणि अशक्त झाडाला तर मी ताण देतच नाही. त्याला आधी वर्षभर सांभाळायचं, मग पुढच्या वर्षी बघू."

बंधुभगिनींनो, सांगावयाचे ते मुख्यतः इतकेच आहे. मुलांना शिस्त लागते. लाड करून करून कधीही थांबू न दिलेले मूल हे हिवाळा न पाहिलेल्या गुलाबासारखे खंगते. त्या मुलाच्या चुकीला चूकच म्हटले पाहिजे. पण दार लावून घेणे आणि मग पाठ फिरवणे ही शिस्त नव्हे. कॅनडातील ती भगिनी गुलाबाला हिवाळ्यातून वाचवते, हुबळीचे हे गृहस्थ गुलाबाला हिवाळा देतात; कृती उलट दिसते, परंतु दोघांचीही नजर मुळावरून हलत नाही. मी मात्र मुळे उघडी करून गावाला गेलो होतो. झाडांचीही, आणि त्या पोराचीही.

आता, ज्यांचे झाड खंगले आहे त्यांच्यासाठी त्या वृद्धांनी सांगितलेले उपाय लिहितो. मी ते पाळून पाहिले आहेत.

पहिले, उपटण्याची घाई करू नये. नखाने काडीची साल हलकेच खरवडावी. आत हिरवे दिसले तर काडी जिवंत आहे. तपकिरी दिसले तर खाली खाली खरवडत यावे. पुष्कळदा वरून मेलेल्या झाडात मातीलगत चार बोटे हिरवे सापडते. दुसरे, धार लावलेल्या कात्रीने हिरव्या भागापर्यंत छाटावे. कापलेल्या जागी गाभा पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी गाभा राहिला तर मर खाली उतरत जाते. कापलेल्या तोंडावर मोरचूद-चुन्याचा लेप द्यावा : १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून १ लिटर पाण्यात एकत्र करावे; भांडे लोखंडाचे नसावे. तिसरे, मुळे झाकावी, वर पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन घालावे, आणि दुपारच्या उन्हाला गोणपाटाची सावली करावी. चौथे, पाणी बेताने द्यावे. पाने नसलेले झाड फार पाणी पीत नाही. कळवळ्यापोटी रोज बादली ओतली तर उरलेली मुळे कुजतात. पाचवे, आणि हे फार महत्त्वाचे : लगेच खत घालू नये. अशक्त मुळांना रासायनिक खत जाळते. नवे फुटवे वीतभर झाल्यावर कुजलेले शेणखत व मूठभर निंबोळी पेंड द्यावी. आणि पहिल्या कळ्या, जिवावर आले तरी, खुडून टाकाव्या. ते वर्ष झाडाने स्वतःसाठी जगावे.

सहावी सूचना त्यांनी हसत दिली : "लगेच जोरात हिरवं झालं तर फसू नका." तिचा अर्थ मला पुढे कळला. माझ्या सहा झाडांपैकी दोन मेली. दोन हळूहळू सावरली. पाचवे पंधरा दिवसांतच असे फोफावले, की मी आनंदाने सर्वांना दाखवू लागलो. मग जवळून पाहिले तेव्हा ते सारे फुटवे सांध्याच्या खालून, म्हणजे रानटी खुंटावर आले होते. वरचे चांगले कलम मेले होते. असा फुटवा खुंटापासून दिसताच बुडातून ओढून काढावा लागतो, नाहीतर तो सारा रस पिऊन टाकतो. माणसांतही असे घडते. रडून-भेकून एका रात्रीत सुधारलेला माणूस पाहून आपण हुरळून जातो. खरा पालट बहुधा सावकाश येतो, आणि प्रथम नजरेतही भरत नाही.

सहावे झाड म्हणजे चार बोटांचे एक खोड उरले होते. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला, काही नाही. माझ्या मनात अनेकदा ते उपटून तेथे दुसरे लावावे असे येई. त्या वेळी मला जर्मनीतील हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलची आठवण होई. त्या कॅथेड्रलच्या भिंतीवर एक फार जुना रानगुलाब चढलेला आहे; लोक त्याला हजार वर्षांचा म्हणतात. २२ मार्च १९४५ रोजी बॉम्बवर्षावात ते कॅथेड्रल उद्ध्वस्त झाले, गुलाब जळून गेला आणि ढिगाऱ्याखाली गाडला गेला. परंतु त्याची मुळे जिवंत होती. काही आठवड्यांतच त्या ढिगाऱ्यातून नवे कोंब वर आले, आणि आज तो पुन्हा त्याच भिंतीवर फुलतो. कॅथेड्रल माणसांना पुन्हा बांधावे लागले. गुलाब मुळापासून आपोआप उगवला.

फेब्रुवारीच्या २ तारखेस, प्रभूच्या मंदिरातील अर्पणाच्या सणाला, मेणबत्त्यांच्या आशीर्वादासाठी आवारात उभा असताना मला त्या खोडावर, सांध्याच्या वरच्या बाजूस, तांदळाच्या दाण्याएवढा एक लाल डोळा दिसला. गेल्या नाताळात त्या झाडाला सहा फुले आली.

तो मुलगा अजून हुबळीस आहे. त्याच रस्त्यावरील एका दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री शिकवणीला जातो. एक बांगडी सुटली आहे, एक अजून गहाण आहे. मध्यंतरी तो एकदा पुन्हा घसरला, हेही लपवीत नाही. पण या वेळी ते त्याने स्वतः आईला सांगितले. गेल्या नाताळात तो चार दिवस घरी आला होता. बाप अजून त्याच्याशी फार बोलत नाही. परंतु तो यायच्या त्या रात्री, शेवटची गाडी जाईपर्यंत, ओसरीवरचा दिवा बापानेच जळता ठेवला होता, असे आईने मला सांगितले.

संत लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आपण उपवासकाळात ऐकतो. तीन वर्षे फळ न आलेले झाड धनी तोडावयास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, भोवती खणतो म्हणतो, खत घालतो म्हणतो. इतकी वर्षे मी त्यावर प्रवचन केले ते धन्याच्या सहनशीलतेविषयी. आता माझे लक्ष माळ्याकडे जाते. खणणे म्हणजे मुळांना धक्का लावणे. तोही एक ताणच होय. पण ज्याच्या तोंडी ते शब्द आहेत, तो वर्षभर त्या झाडाजवळ राहावयास तयार आहे. आपल्या जिवांचा माळी असा आहे. तो आपल्याला छाटतो, कधी कधी उघडे पाडतो. परंतु तो गावाला जात नाही.

तेव्हा, या महिन्यात पाऊस उघडला आणि चार कोरडे दिवस दिसले, की गुलाबाचे पाणी कमी करा. मुळे उघडी करावयाची असतील तर स्वतः घरी असाल तेव्हाच करा. आणि नसाल तर नुसते पाणी तोडा, तेवढे पुरे. जमीन काळी असेल तर वाफा वीतभर उंच करा व त्यात तांबडी माती मिसळा, म्हणजे मुळांत पाणी साचणार नाही. छाटणी ऑक्टोबरच्या मध्यास केली तर दीड ते दोन महिन्यांत, म्हणजे नाताळच्या सुमारास, वेदीसाठी घरची फुले मिळतील. डिसेंबरच्या गार रात्री आणि उबदार दुपारी पानांवर भुरी धरते. तेव्हा पाणी सकाळी, मुळाशी द्या, पानांवर नको. ज्यांच्याकडे कडाका पडतो त्यांनी ऐन थंडीत छाटू नये, आणि कुंड्या रात्री ओसरीत घ्याव्यात.

आणि संध्याकाळी जपमाळ म्हणताना, ज्या कोणाला आपण ताण दिला असेल, मुलगा असो, सून असो, भाऊ असो, त्याचे नाव एका गुपिताच्या वेळी घ्या. नंतर उठून एकदा दाराकडे जाऊन पाहा. कडी आतून लागली असेल, तर ती काढायला कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. तुमच्या फादरच्याही नाही.

प्रभू तुम्हांस व तुमच्या घरादारास आशीर्वाद देवो.